खुर्ची भरायची कुणी ते ठरवा, पण भरा!

आज जेवता जेवता मोबाइलवर लोकसभेतल्या चर्चेची एक क्लिप पाहिली आणि घास हातातच राहिला. विषय खालच्या कोर्टांतल्या रिकाम्या जागांचा. उत्तर तेच, पाठ केलेलं: घटनेच्या कलम २३३ आणि २३४ नुसार या नेमणुका राज्य सरकार आणि उच्च न्यायालयाकडे, केंद्राची थेट भूमिका नाही. संपलं. पुढचा प्रश्न.

माझी आत्या अकरा वर्षं वाटणीच्या दाव्याला जातेय. साडेसहाची एसटी, पिशवीत भाकरी, अंगावर ठेवणीतलं लुगडं. कोर्टात जायचं तर नीटच जायला हवं म्हणे. मागच्या खेपेला मीही होतो. साडेअकराला कळलं, साहेबांची बदली झालीय, नवे आलेले नाहीत, चार्ज शेजारच्या कोर्टाकडे. क्लार्कने मान वर न करता दोन महिन्यांनंतरची तारीख दिली.

मी त्याच्यावर खेकसलो. मग समजलं, तो एकटा दोन टेबलं ओढतोय, दुसरी जागा भरलेलीच नाही. आता लाज वाटते. न्यायाधीशांवर निदान चर्चा तरी होते, स्टेनो आणि बेलिफांचं नावही कुणी काढत नाही. समन्स काय साहेब स्वतः घेऊन फिरणार?

दिल्लीत घोळ कसला, तर अखिल भारतीय न्यायिक सेवा, म्हणजे खालच्या कोर्टांसाठी देशभरातून एकत्रच न्यायाधीश निवडायची सोय, हवी की नको. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीत तिची सोय केली, त्याला पन्नास वर्षं होत आली! विधी आयोगाने १९८७ मध्ये दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश मागितले. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पाच वर्षांत तिथवर पोचा. आपण अजून निम्म्यावरही नाही. भरतीचं वेळापत्रकसुद्धा २००७ मध्ये त्याच न्यायालयाने आखून दिलं. घ्या!

बरं, नेमणुका सरकारच्या मुठीत जाऊ नयेत, कबूल. ‘बांध कोरला’ म्हणजे काय हे परराज्यातल्या साहेबांना कोण समजावणार, तेही खरं. पण रिकाम्या खुर्चीला तरी कुठे मराठी येतं?

परतताना एसटीत मी धुमसत होतो. आत्याने भाकरी सोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, “त्या नव्या साहेबालाही घर हलवावं लागत असंल रे, लेकरांच्या शाळा असतील.” मला काही बोलता आलं नाही.

मंगळवारी तारीख आहे. आत्ताच तिचा फोन येऊन गेला, “येतोस ना?”