बेड चौदा, चांगली केस

विषय काढला पक्याने. फणसवाडीच्या तोंडाशी एका बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही बसतो. पहिला अर्धा तास बहुधा रीडेव्हलपमेंटच्या शिव्याशापांत जातो, पण त्या दिवशी पक्या आला तोच तापलेला. त्याचे वडील, आमचे अण्णा, पालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयात. प्लीहा, म्हणजे पोटात डाव्या बरगड्यांखाली असते ती, वाढलेली.

"सकाळी आठ-दहा पोरं आली. एकेकाने अण्णांच्या पोटावर हात ठेवला. श्वास घ्या, सोडा, परत घ्या. एकानेही विचारलं नाही, नाव सांगितलं नाही. त्यांचा सर म्हणतो, बेड चौदा, चांगली केस आहे, सगळ्यांनी बघून घ्या!"

"मग काय झालं?" बंड्या म्हणाला. बंड्या बँकेत आहे, त्याला कशातही आधी व्यवहार दिसतो. "तुला उपचार फुकट, पोरांना शिकायला मिळतं. शिवाय नऊ जणांच्या हातून सुटलेलं दहाव्याला सापडतं. खासगीत कोण बघतं इतक्या वेळा?"

"फुकट? निम्मी औषधं मी बाहेरून आणली. आणि अण्णांनी जन्मभर भरलेला कर कुठे गेला?"

निनाद गप्प होता. आमच्याच चाळीतला मुलगा, एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. पक्याने त्याच्याकडे रोखून बघितलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, विचारायला हवं होतं, मान्य. पण प्लीहा पुस्तकातून हाताला लागत नाही. पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, कमरेच्या हाडाजवळ हात ठेवायचा. पेशंटने श्वास आत घेतला की प्लीहा खाली सरकते. दर श्वासाला हात थोडा थोडा तिरका, डाव्या बरगडीकडे न्यायचा. मग बोटांच्या कडेला काहीतरी टेकतं. वाढलेली असेल तर तिच्या कडेची खाचसुद्धा लागते. आमच्याकडे स्किल लॅब आहे, पण तिथलं रबराचं पोट श्वास घेत नाही."

"आणि तुमचे हात गार असतात," शुभाताई म्हणाल्या. शुभाताई निवृत्त सिस्टर. "सॅनिटायझर चोळला की थेट पोटावर! आमच्या युनिटला एक सर होते. आधी तळवे घासायला लावायचे, आणि पेशंटला नावाने हाक मारल्याशिवाय पांघरूण काढू द्यायचे नाहीत. त्यांच्या हाताखालचे हाऊसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, पुढे स्वतः सर झाले, तेही तसंच करायचे. वर्गात कुणी शिकवलं नव्हतं त्यांना."

"आता वर्गात शिकवतात," निनाद म्हणाला. २०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 'ॲटिट्यूड, एथिक्स अँड कम्युनिकेशन' नावाचं प्रकरण आहे, पोरं त्याला एटकॉम म्हणतात. "पेशंटची परवानगी कशी घ्यायची यावर आम्ही रोल-प्ले केला. मी पेशंट झालो होतो. नंतर तेच सर वॉर्डात आले आणि पांघरूण ओढून सुरू."

कर्णिकसर याचीच वाट बघत असावेत. सर कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे. कट्ट्यावर त्यांना थांबवणं अवघड, पण त्या दिवशी आम्ही थांबवलं नाही. त्यांनी सांगितलं, की हॅफर्टी आणि फ्रँक्स या दोघांनी १९९४ साली यालाच वैद्यकीय शिक्षणातला छुपा अभ्यासक्रम म्हटलं. परीक्षेला एक नीती, जिन्यात आणि राउंडवर दुसरी, आणि विद्यार्थी दुसरी उचलतो. फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजात होजात आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची सहानुभूती वर्षागणिक मोजली. २००९ साली छापून आलं, की घसरण तिसऱ्या वर्षात होते. म्हणजे तिथे मुलं खऱ्याखुऱ्या पेशंटजवळ जातात नेमक्या त्याच वर्षी.

"म्हणजे नीतिशास्त्र शिकवणं हा वेळेचा अपव्यय," बंड्या खुशीत म्हणाला.

"माझ्या धंद्याला लाज वाटावी असं आणखी सांगतो," सर म्हणाले. श्विट्झगेबल नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने ग्रंथालयांच्या नोंदी तपासल्या. तत्त्वज्ञानाच्या इतर पुस्तकांपेक्षा नीतिशास्त्राचीच पुस्तकं जास्त गहाळ! आम्ही हसलो, पण सरांनी हात वर केला. याच माणसाने पुढे, २०२० साली, सहकाऱ्यांबरोबर एक प्रयोग छापला. काही विद्यार्थ्यांच्या वर्गात मांसाहाराच्या नीतीवर चर्चा झाली, काहींच्या वर्गात दुसऱ्याच विषयावर. मग कॅम्पसवरच्या जेवणाची बिलं बघितली. पहिल्या गटाची मांसाच्या पदार्थांची खरेदी ५२ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आली होती.

इथे मी तोंड घातलं. माझ्या मते फरक मागणीत आहे. 'चांगला माणूस हो' असं सांगून कुणी होत नाही. उद्या जेवताना ताटात काय घेशील, हे विचारलं तर निदान काही जण बदलतात. एटकॉमने 'रुग्णाच्या स्वायत्ततेचा आदर' वगैरे पानं कमी करावीत. हात चोळ, नाव सांग, विचार, आणि 'नाही' आलं तर पुढच्या बेडवर जा, इतकंच राउंडवर, सरांच्या देखत करून घ्यावं.

"राउंडवर चाळीस पेशंट असतात हो," निनाद म्हणाला.

त्यावरही सरांकडे प्रयोग होताच. १९७३, प्रिन्स्टन. डार्ली आणि बॅटसन यांनी पाद्री होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं आणि वाटेत एक माणूस कण्हत बसवला. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के त्याच्यासाठी थांबले, घाईत असलेल्यांपैकी १० टक्के. काहींच्या भाषणाचा विषय तर वाटेत पडलेल्याला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची गोष्ट हाच होता! त्याने फारसा फरक पडला नाही. मला हा प्रयोग नेहमीच जरा दुष्ट वाटतो, पण वॉर्डाला चपखल बसतो. पेशंट दुप्पट आणि डॉक्टर तेवढेच, तिथे सौजन्य आधी कापलं जातं.

बंड्याने तेवढ्यात कायदा काढला. "दाखल होताना सही केलीत ना?"

"सही म्हणजे कोरा चेक नव्हे," शुभाताई म्हणाल्या. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली तेच सांगितलं. तपासणीसाठी संमती दिलेल्या बाईची गर्भपिशवी आणि अंडाशयं काढली गेली, ती बेशुद्ध असताना आईची परवानगी घेऊन. बाई सज्ञान, कसली आणीबाणी नाही. तेव्हा आईची परवानगी चालणार नाही आणि तपासणीची संमती शस्त्रक्रियेला लागू होत नाही, असं कोर्ट म्हणालं. "तिथे अवयव गेले, इथे नुसता हात ठेवला, हे मला कळतं. पण विचारायचं कुणाला, हा प्रश्न तोच. आणि बंड्या, तुझ्या त्या व्यवहाराचं बघ. पोट नेहमी एकाच बाजूचं का रे? मेल्यावरसुद्धा तेच. १९४९चा ॲनाटॉमी ॲक्ट आहे आपल्याकडे. बेवारस मृतदेह मेडिकल कॉलेजला जातो. बेवारस कोण असतं? तुझा साहेब?"

बंड्या पहिल्यांदा गडबडला. "देहदान वाढलंय आता," इतकंच म्हणाला.

पक्याचा पारा तोवर उतरला होता. "अण्णांना मी विचारलं, राग आला का? म्हणाले, पोरं शिकतायत तर शिकू देत. पण त्यांना वाटलं की आठ जण आले म्हणजे दुखणं मोठं असणार, आपल्यापासून लपवतायत. रात्रभर जागे होते."

यावर निनाद काही बोलला नाही. मग म्हणाला, उद्या अण्णांना भेटायला येतो, कुणी कशासाठी पोट बघितलं ते नीट समजावतो. राउंडला पेशंटची परवानगी विचारशील का, हे कर्णिकसरांनी विचारलं तेव्हा मात्र तो चाचरला. प्रॅक्टिकलला वॉर्डातले तेच सर परीक्षक असतात.

शुभाताईंनी बंड्याला सोडलं नव्हतं. "तुझ्या हर्नियाचं ऑपरेशन कुठे करतोयस?"

"मेडिक्लेम आहे ना. खासगीत."

"तिथे पोरं आली, विचारून, हात गरम करून, तर बघू देशील?"

"किती पोरं?" बंड्याने विचारलं.