भाव वाढला की भाव वाढवला?

पुतणी आठवीत आहे. परवा संध्याकाळी इंग्रजीची वही घेऊन आली. ‘काका, राइज अन् रेज याच्यात फरक काय? इथं दोन्हीले वाढणंच लिहेल हाये.’ गाइडमध्ये खरंच तसं छापलेलं. खाली तीन-तीन रूपांचा तक्ता, आणि ‘पाठ करा’.

बाबा अंगणात बाजेवर पडले होते. त्यांची शाळा चौथीपर्यंत. ते म्हणाले, ‘सरकारनं कापसाचा भाव वाढवला, पन भाव काही वाढला नाई.’

झालं की! लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ साठी ७५२१ वरून ८११० रुपये क्विंटल केला. केला कोणी? सरकारनं. हे रेज. आणि आमच्या गावच्या काट्यावर व्यापारी त्याच्या खालीच मागत होता, म्हणजे भाव आपसूक चढला नाही. आपसूक चढणं ते राइज. रेजला करणारा लागतो, शिवाय काय वाढवलं तेही सांगावं लागतं. पोरीनं पुन्हा विचारलं नाही.

लर्न आणि टीचचंही तेच. ‘मास्तरनं मले गणित शिकलं’ असं आमच्याकडचं शेंबडं पोट्टंही म्हणणार नाही. ते ‘शिकोलं’च म्हणेल. हिअर आणि लिसनही तसंच. वरातीतला डीजे ऐकू येतो, तुमची इच्छा असो-नसो. भागवत सप्ता आपण जाऊन ऐकतो.

कुठं कुठं आपली भाषा खड्ड्यातही घालते. ‘तो मले म्हणे’ हे डोक्यात असतं, म्हणून पोरं ‘ही सेड मी’ लिहितात. तिथं सेडनंतर टू हवा, नाहीतर सरळ ‘सांगितलं’वालं टोल्ड घ्यावं. बॉरो-लेंडमध्येही घोळ होतो, कारण आपलं उसनं एकच, दिशा कळते ती घेण्या-देण्यावरून. पण इंग्रजांनीही फार ऐटीत राहू नये. वावर मक्त्यानं घेतलं तरी त्यांचं रेंट आणि दिलं तरी रेंटच!

राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली सुरू झालं. आम्हाला ते पाचवीत भेटलं होतं. तरी पोरं अडतात त्याच पाच-सहा क्रियापदांवर. माझं स्पष्ट मत आहे, यात दोष पोरांचा नाही. वर्गात ‘मले’ म्हटलं की ‘शुद्ध बोल’ म्हणून दटावायचं, आणि मग ज्या भाषेत पोराला हा फरक आधीच कळतो तिलाच बाहेर बसवून तक्ता घोकून घ्यायचा. शिकवणीवाल्या सरांनो, एकदा वऱ्हाडीतून विचारून तर बघा.

आता खरं सांगतो, लाय आणि ले यांच्यापुढं मीही हात टेकले. पडून राहणं ते लाय, ठेवणं ते ले, इथवर ठीक. पण ‘काल पडून होतो’ म्हणायचं तर लायचं होतं ले! पुतणी माझ्याकडं बघते, मी बाबांकडं.

बाबांनी कूस बदलली. ‘मले पडू द्या आता.’