‘१५ वॉटचा चिरका डबा’ या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय काल रात्री वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्याकडून घेतलेला गिटारचा १५ वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प (आवाज वाढवायला काचेच्या नळ्या वापरणारा) दुकानात गोड वाटला आणि घरी चिरका निघाला. व्हिडिओतल्या फेंडर डीलक्स रिव्हर्ब या नावाजलेल्या अ‍ॅम्पच्या तो जवळपासही जात नाही. आमच्या सांगण्यावरून स्पीकर बदलला, तरी फरक नाही. डबा भुशाचा आहे. आठ महिन्यांत खरखर सुरू झाली. मित्राचा निम्म्या किमतीचा ४० वॉटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प याहून बरा. आणि ‘मालकाला स्वतःला गिटार येत नाही’.

शेवटचं आधी मान्य करून टाकतो. चार कॉर्डच्या पुढे माझी गाडी जात नाही. मी वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या टेबलापाशी वाढलो. तुमच्या अ‍ॅम्पमधला ईएल८४ हा व्हॉल्व्ह मी आधी जुन्या रेडिओत बघितला, गिटार हातात आली ती बरीच नंतर.

आता आमची चूक. त्या दिवशी तुम्ही दोन अ‍ॅम्प शेजारी ठेवून ऐकलेत आणि काउंटरवरच्या मुलाने दोन्हींचे व्हॉल्यूम ५ वर ठेवले. त्याला वाटलं, झाली तुलना. पण एका अ‍ॅम्पचा ५ म्हणजे दुसऱ्याचा ३ असू शकतो. दोघांत दोन-तीन डेसिबलचा फरक असला, तर कानाला ‘हा मोठा वाजतोय’ असं कळत नाही. ‘हा भरदार आहे, मोकळा आहे’ असं वाटतं. तुम्ही घेतलात तो त्या दिवशी जास्त मोठा वाजत होता. मी तिथेच बिल फाडत बसलो होतो, मी थांबवायला हवं होतं. आता आधी मीटरवर दोन्ही आवाज सारखे करतो आणि मगच गिटार गिऱ्हाइकाच्या हातात देतो.

चिरकेपणाचं उत्तर मात्र तुम्हीच टाकलेल्या फोटोत आहे. फोटोत अ‍ॅम्प टेबलावर आहे, तोंड सरळ तुमच्या खुर्चीकडे. खाली फरशी, मागे काचेची खिडकी, भिंती उघड्या. बारा इंची स्पीकरचा तीक्ष्ण आवाज बॅटरीच्या झोतासारखा समोर जातो. बाजूला सरकलात की तो कमी होतो. आमच्याकडे अ‍ॅम्प जमिनीवर होता आणि तुम्ही उंच स्टुलावर. तो झोत तुमच्या गुडघ्यांना लागत होता. घरी तोच थेट कानात येतोय. अ‍ॅम्प खाली उतरवा, जरा तिरका करा, आणि समोरच्या भिंतीवर एखादी जाड गोधडी लटकवून बघा. हसू नका, फुकट आहे म्हणून आधी हेच करा.

स्पीकरच्या बाबतीत माझी निवड चुकली. तुम्ही ‘कार्यक्रमात ऐकू यायला हवं’ म्हणालात, म्हणून मी सेलेशनचा व्हिंटेज ३० बसवला. त्याची संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वीजेत तो किती मोठा वाजतो ते, १०० डेसिबल. मोठ्या हॉलमध्ये, ड्रमशेजारी त्याच्या वरच्या मध्य सुरांचा उठाव कामाला येतो आणि गिटार गर्दीतून बाहेर दिसते. दहा बाय दहाच्या खोलीत तोच उठाव टोचतो. स्पीकरमध्ये दोष नाही, जागा चुकली. तुमच्या वापराला सेलेशनचाच ग्रीनबॅक हा स्पीकर बरा होता: २५ वॉट, ९८ डेसिबल, स्वभावाने मऊ. १५ वॉटचा अ‍ॅम्प पिळला की १५ हून जास्तही देतो, पण २५ त्याला पुरतात. शिवाय नवा स्पीकर थोडा ताठ असतो. कागदाची कड काही तास वाजून सैल झाल्याशिवाय तो मोकळा बोलत नाही, आणि हे मी बसवताना सांगितलं नाही.

डीलक्स रिव्हर्बशी तुलनेचं मात्र मला पटत नाही. ते यंत्र १९६३ पासूनचं, २२ वॉटचं, त्यात दोन ६व्ही६ व्हॉल्व्ह. त्यावर मिडलचा नॉबच नाही. मध्य सूर आतूनच खाली ठेवलेले आहेत, म्हणून तो काचेसारखा स्वच्छ वाटतो. तुमचा अ‍ॅम्प ईएल८४चा, म्हणजे १९५८ च्या व्हॉक्स एसी१५ च्या घराण्यातला. त्याचा आवाज लवकर फाटायला लागतो, आणि लोक त्याला घेतात ते त्याच फाटण्यासाठी. किराणा घराण्याच्या गायकाकडून ग्वाल्हेरची अपेक्षा करण्यातला प्रकार आहे हा. तरी मिडल ३ वर, ट्रेबल ४ वर ठेवून बघा, थोडं जवळ जाईल. आणि व्हिडिओत तुम्ही ऐकता तो अ‍ॅम्प नसतोच. स्पीकरच्या कागदापासून दोन बोटांवर ठेवलेला माइक आणि त्यामागे बसलेला माणूस, या दोघांचा तो आवाज असतो.

डब्याचं तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. तो पार्टिकल बोर्ड आहे, भुसा दाबून केलेला. आवाजात त्याने फार बिघडतं असं मी म्हणणार नाही, पण टिकण्यात बिघडतं. कोकण आणि गोव्यातले वादक श्रावण संपला की कोपरे फुगलेले डबे घेऊन माझ्याकडे येतात. एकदा का ओल आत गेली की स्क्रू पकडत नाही, मग सांधे सैल होऊन सगळं थरथरतं. प्लायवूडचा डबा वजनाला आणि खिशाला जड, पण स्क्रू दहा वेळा काढा-घाला, धरून ठेवतो. वरचं काळं रेक्झिन दोन्हींचं सारखंच दिसतं; मागची फळी काढून कड बघितल्याशिवाय कळत नाही. पुढच्या गिऱ्हाइकाला आम्ही ती काढून दाखवू.

खरखरीचं कारण बहुतेक इनपुट जॅक, म्हणजे गिटारची केबल खुपसायची जागा. तो थेट सर्किटच्या पाटीवर झाळलेला आहे, त्यामुळे केबलला बसणारा प्रत्येक हिसका झाळेवर येतो आणि ती चिरते. पाटी असणं वाईट नाही, चांगले अ‍ॅम्पही पाटीवर बनतात. जॅक पत्र्याच्या चासीला नटने आवळलेला हवा होता. ‘स्पीकर बदलल्यामुळे वॉरंटी गेली’ असं तुम्हाला फोनवर सांगितलं गेलं. कंपनीच्या नियमाने ते बरोबर आहे. पण बदलायला लावणारे आम्हीच होतो, तेव्हा त्याचा भुर्दंड तुम्हाला नको. जॅक आम्ही आमच्या खर्चाने काढून चासीवर घेऊ.

मित्राचा अ‍ॅम्प बरा वाटत असेल, तर तो तुमच्यासाठी बराच आहे. आमच्या मुलाने ‘ट्रान्झिस्टर म्हणजे शिकाऊंसाठी’ म्हटलं, त्याबद्दल माफी. रोलँडचा जेसी-१२० हा १९७५ चा, पूर्ण ट्रान्झिस्टरचा, आणि स्वच्छ आवाज हवा असणारे आजही तो मागतात. फक्त ४० आणि १५ या आकड्यांवर जाऊ नका. एवढ्या वॉटच्या फरकाने आवाज चारेक डेसिबलच वाढतो. स्पीकर तीन डेसिबलने जास्त संवेदनशील असला की त्यातलं बरंचसं भरून निघतं.

तुमचा अ‍ॅम्प ऑनलाइन दीड हजाराने स्वस्त मिळतो, हेही खरं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

एक गोष्ट मात्र आज करू नका. तुम्ही लिहिलंय की आतला स्पीकर काढून घरच्या होम थिएटरचा ४ ओहमचा डबा जोडणार. तुमच्या अ‍ॅम्पचं आउटपुट ८ ओहमचं आहे. चुकीचा भार, किंवा वायर काढून नुसताच चालू केलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प, यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो बदलायचा खर्च स्पीकरच्या वर जातो. शिवाय गिटारचा स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या पुढे आवाज गाळतो. घरचा डबा ते सगळं सोडतो. चिरकेपणाची तुमची तक्रार तिथे दुप्पट होईल.

शनिवारी सकाळी अकराच्या आत या, तेव्हा गर्दी नसते. अ‍ॅम्प आणा, जुना स्पीकर आणा, जमलं तर मित्रालाही त्याच्या अ‍ॅम्पसकट आणा, आणि गिटार तुमचीच आणा, दुकानातली नको. ग्रीनबॅक काढून ठेवतो. आवडला तर व्हिंटेज ३० परत घेऊन वरचा फरक तेवढा घेईन, बसवण्याचे मागचे ६०० रुपये परत. नाही आवडला तर जॅक दुरुस्त करून घेऊन जा.