६, ७, ९ की २०? एकदाचं काय ते ठरवा!

जुन्या अल्फा रोमिओ गाडीला स्पार्क प्लग हवेत, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारे ते प्लग. इंजिन उतरवायचं नाही, गिअरबॉक्स खोलायचा नाही, नुसते चार प्लग. तरी हे काम काही केल्या मार्गी लागत नाही. आता गाडी सुरू न करताच माझं डोकं तापतं.

मॅन्युअल काय म्हणतं? 'गोल्डन लॉज २एचएल' वापरा. वा! हे लॉज म्हणजे इंग्लंडातल्या रग्बी गावची कंपनी, भौतिकशास्त्रज्ञ सर ऑलिव्हर लॉज यांच्या मुलांनी काढलेली. प्लग खरंच देखणा होता. मधल्या इलेक्ट्रोडभोवती (ठिणगी जिथून उडते ती दांडी) चार टोकं, गॅप म्हणजे ठिणगीची फट मोजून लावायची भानगड नाही, बसवा आणि निघा. पण तो बनायचा बंद होऊन जमाना झाला. जुन्या साठ्यातला एखादा डबा अधूनमधून विकायला येतो आणि कोणीतरी तो काचेच्या कपाटात ठेवायला घेऊन जातो. मला कपाट सजवायचं नाहीये हो, गाडी चालवायचीय!

मग पर्याय शोधा. आणि इथून खरा छळ सुरू होतो.

प्लगची हीट रेंज म्हणजे काय, तर तो प्लग स्वतःची उष्णता किती चटकन हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या ज्या वरच्या भागात तो बसतो त्यात, सोडतो ते. थंड प्लग पटकन सोडतो, गरम प्लग धरून ठेवतो. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या खाली राहिलं तर काजळी जळत नाही, प्लग काळाठिक्कर पडतो आणि गाडी मिसिंग करायला लागते. साडेआठशेच्या वर गेलं तर टोक निखाऱ्यासारखं लाल होऊन स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटवतं आणि पिस्टनला भोक पाडायची तयारी करतं. म्हणजे प्लगच्या नावातला हीट रेंजचा आकडा बरोबर असायलाच हवा. एवढ्या महत्त्वाच्या आकड्याचं या कंपन्यांनी काय केलंय बघा. एनजीकेचा बीपी६ईएस घ्या. जवळपास त्याच गरमीचा बॉशचा प्लग डब्ल्यू७डीसी. चॅम्पियनचा एन९वायसी. डेन्सोचा डब्ल्यू२०ईपी. ६, ७, ९, २०, सगळे एकच! बरं, आकडे वेगळे असते तर एक वेळ पाठ केले असते. पण एनजीके आणि डेन्सोत आकडा वाढला की प्लग थंड होतो, आणि बॉश, चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम! कोणी जाऊन विचारत का नाही यांना? इतकी वर्षं एकाच भोकात बसणारी वस्तू विकताय, एका खोलीत बसून ठरवता आलं नाही?

आणि यावर सल्ले देणारे! एक म्हणतो ६ घाल, दुसरा म्हणतो ७, तिसरा म्हणतो एक नंबर थंड घाल म्हणजे इंजिन थंड राहील. अरे बाबा, थंड प्लगने इंजिन थंड होत नाही, प्लगचं टोक थंड राहतं. दोन्हींचा संबंध नाही. सिग्नलला उभं राहत घरी जाणाऱ्या गाडीत रेसचा प्लग घातला तर दोन दिवसांत काजळी साचेल, दुसरं काही होणार नाही. पण हे सांगायला जावं तर "मी तीस वर्षं गाड्या करतोय" हे ठरलेलं उत्तर.

मग येतात इरिडियमचे, म्हणजे त्या महागड्या धातूचं टोक असलेल्या प्लगचे, भक्त. विचारा काहीही, उत्तर इरिडियम. मान्य, त्याचं टोक ०.६ मिलिमीटरचं, साध्या प्लगचं अडीच. बारीक टोकावर स्पार्क कमी व्होल्टेजला पडतो, झीजही कमी. ज्या गाडीत प्लग काढायला अर्धं इंजिन सोडवावं लागतं तिथे जरूर घाला. माझ्या गाडीत प्लग समोर डोळ्यांपुढे आहेत, वर दोन कार्ब्युरेटर सढळ हाताने पेट्रोल ओततात. काजळी इरिडियम बघून थांबत नाही. झिजायच्या आत तो काळा होईल आणि मी महागडा प्लग ब्रशने घासत बसेन. (आणि ज्याला सगळे 'कॉपर प्लग' म्हणतात त्याचं टोक निकेल मिश्रधातूचं असतं, तांबं आत असतं. तेही कोणी सांगत नाही.)

प्लगचा रंग बघून ठरवा म्हणणारे तर थोरच. जुन्या पुस्तकांत छान रंगीत चित्रं असतात, बदामी रंग आला की सगळं ठीक. ती चित्रं शिसेवाल्या पेट्रोलच्या काळातली. आजच्या पेट्रोलवर तो रंग तसा येतच नाही. मग लोक पांढुरका प्लग बघून घाबरतात आणि कार्ब्युरेटरमधले चांगले बसलेले जेट (पेट्रोल किती जायचं ते ठरवणारी बारीक भोकं) बदलतात.

पण सगळ्यात जास्त संताप येतो तो 'तुमच्या गाडीला नक्की बसेल' या हिरव्या टिकमार्कचा. माझ्या गाडीचं नाव निवडल्यावर एका दुकानाने १२.७ मिलिमीटर रीचचा, म्हणजे तेवढ्या लांबीच्या आट्यांचा, प्लग दाखवला. हेडला हवा १९ चा! आखूड प्लगही बसतो, घट्टही होतो, म्हणून कळत नाही. स्पार्क भोकाच्या आत पडतो आणि उरलेल्या आट्यांत कार्बन भरतो. पुढे कधी बरोबर लांबीचा प्लग घालायला जा, ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे प्लगसोबत बाहेर. उलट आखूड आट्यांच्या हेडमध्ये लांब प्लग घातला तर पिस्टन येऊन भेटतो. आणि टिकमार्क हिरवाच. परत करायला गेलं तर म्हणे डबा उघडलाय. डबा न उघडता लांबी मोजू कशी, क्ष-किरणांनी?

तेवढ्यात कोणीतरी म्हणतो आट्यांना ग्रीस लाव. एनजीके स्वतः सांगते, आमच्या आट्यांवर मुलामा आहे, काही लावू नका. कारण ग्रीस लावल्यावर टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) तोच आकडा दाखवला तरी प्लग जास्त आवळला जातो. पण कंपनीचं कोण ऐकतंय?

शेवटी त्याच दुकानाला लिहिलं, मला फक्त तीन गोष्टी सांगा: रीच, हीट रेंज, गॅप. उत्तर आलं, चॅसी नंबर पाठवा. पाठवला. दोन दिवसांनी उत्तर: "ही गाडी आमच्या सिस्टिममध्ये नाही." अरे मग तो हिरवा टिकमार्क कोणाच्या गाडीला होता?