‘अंगणवाडीत नुसती खिचडी’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘कॉन्व्हेंटची मुलं एबीसीडी म्हणतात, अंगणवाडीची नुसती खिचडी खातात. अमेरिकेतही सिद्ध झालंय, बालवाडीचा फायदा दोन-चार वर्षांत पुसला जातो. बंद करा आणि पैसे आईच्या खात्यात टाका.’

एबीसीडीचं आधी. आपल्याकडे कोपऱ्यावरची दोन खोल्यांची केजीसुद्धा कॉन्व्हेंटच. तिथल्या चार वर्षांच्या पोराला वीसपर्यंत आकडे म्हणायला सांगा, धडाधड म्हणेल. मग समोर मूठभर चिंचोके ठेवा आणि म्हणा, ‘यातले पाच मला दे.’ कितीतरी पोरं देतच सुटतात, पाचाला थांबत नाहीत. ज्याला थांबता आलं त्याला पाच कळले. मेसेजवाल्यानं पाठांतर मोजलंय. मुलांचं शिकणं तपासणारी ‘असर सेंटर’ ही संस्था आणि दिल्लीचं आंबेडकर विद्यापीठ यांनी तीन राज्यांतल्या सुमारे १४,००० मुलांचा अभ्यास केला, तो २०१७ साली आला. खासगी बालवाड्यांत खेळाऐवजी घोटवणंच जास्त आढळलं, आणि पाच वर्षांची झालेली बहुतेक मुलं शाळेसाठी तयार नव्हती. अंगणवाडीतलीही नव्हती, हे लपवायचं कारण नाही.

शिवाय फी भरणारं सुखवस्तू धरमपेठेतलं घर आणि कष्टकऱ्यांच्या यशोधरानगरातलं घर मुळातच सारखं नाही. घरानं दिलेलं सगळं कॉन्व्हेंटच्या नावावर कसं मांडता?

आता खिचडी. एकटी सेविका वजनं घेते, टीएचआर म्हणजे घरी न्यायचा शिधा वाटते, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर नोंदी भरते, गृहभेटी करते. हाताशी एक मदतनीस. शिकवायचं कधी? याचा कस तामिळनाडूत लागला. सोडतीनं निवडलेल्या ३२० अंगणवाड्यांत एक जादा अर्धवेळ बाई नेमली, तेवढ्याच बाकीच्या होत्या तशा ठेवल्या. दीड वर्षानंतर पाहिलं तर जादा बाई असलेल्या ठिकाणी शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला होता, मुलं गणितात आणि भाषेत पुढे होती. गंमत म्हणजे कुपोषणही घटलं, कारण नवी बाई पोरांना घेऊन बसली की जुन्या सेविकेला पोषणाकडे बघायला सवड मिळाली. खिचडी आणि शिकणं यांचं भांडण मेसेजवाल्यानंच लावलंय.

अमेरिकेबद्दल मात्र मेसेज अर्धा खरा आहे. टेनेसी राज्यात सोडतीनं सरकारी बालवाडीत प्रवेश मिळालेली मुलं सहावीपर्यंत चक्क मागे पडली. म्हणजे बालवाडी काढली की झालं, असं नाही. आत काय चालतं ते बघावं लागतं. पण मिशिगनमधल्या पेरी बालवाडीचं उरलेलं अर्धं मेसेजमध्ये नाही. १९६२ साली सुरू झालेल्या त्या प्रयोगात १२३ मुलं होती, काही बालवाडीत घातलेली, बाकीची न घातलेली. बालवाडीत गेलेल्यांची बुद्ध्यांकातली आघाडी काही वर्षांत खरंच विरली. तीच मुलं चाळिशीत गाठली तेव्हा त्यांची कमाई इतरांपेक्षा जास्त होती आणि अटका कमी. १२३ मुलांवर जगाचा निवाडा करू नये, मान्य. पण तिसरीतले मार्क बघून ‘पुसलं गेलं’ म्हणणाऱ्यानं तेवढाही धीर धरलेला नाही.

राहिले खात्यातले पैसे. ते जरूर द्या, पण हिंगणा एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या बाईच्या पोराला पैसे सांभाळत नाहीत. अंगणवाडी दुपारी सुटते, तिची ड्युटी संध्याकाळी. खोट काढायचीच होती तर ही काढायची.