का मारलं, तेही लिहा

तीन वर्षांपूर्वी आई परळहून आमच्याकडे अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीला आली होती. संध्याकाळी ती जर्नल स्क्वेअरच्या बाजूला एकटीच फेरी मारायला जायची. एके दिवशी चालत्या गाडीतून कुणीतरी तिच्या अंगावर कोकने भरलेला ग्लास फेकला, तिच्या कपाळाकडे बोट दाखवून काहीतरी ओरडला आणि गाडी निघून गेली. लागलं काहीच नाही. साडी धुतली, डागही गेला.

पोलीस घरी आला. त्याने आधी गाडीचा नंबर विचारला नाही. विचारलं, "तो नेमकं काय म्हणाला? आठवतील तसे शब्द सांगा." आई सांगत होती, मी इंग्रजीत करून देत होते, तो लिहून घेत होता. गाडी शेवटपर्यंत सापडली नाही. नोंद मात्र द्वेषातून घडलेली घटना अशी झाली. न्यू जर्सीत पोलिसांना अशा घटनांची वेगळी नोंद करावी लागते, मग ती ग्लास फेकण्याइतकी छोटी का असेना.

दुसऱ्या दिवसापासून आई बाहेर पडताना टिकली काढून बाथरूमच्या आरशाला लावू लागली. घरी आली की तीच पुन्हा कपाळाला. गोंद संपला की नवी. ती मुंबईला परत गेली तेव्हा आरशाच्या कडेला अकरा टिकल्या चिकटलेल्या होत्या, सगळ्या मरून रंगाच्या. मी त्या बरेच दिवस काढल्या नाहीत. आणि खालच्या मजल्यावरच्या काकू, ज्यांच्या अंगावर थेंबही उडाला नव्हता, त्यांनीही बाहेर जाताना टिकली लावणं सोडून दिलं.

याच शहरात १९८७ साली एक टोळी होती. तिने स्वतःचं नावच आपल्या टिकलीवरून घेतलं होतं, डॉटबस्टर्स. भारतीयांना इथून हुसकून लावू, असं पत्र स्थानिक वर्तमानपत्रात छापून आलं होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात शेजारच्या होबोकेनमध्ये काही पोरांनी नवरोझ मोदी या पारशी तरुणाला बेदम मारलं. त्याच्यासोबतच्या गोऱ्या मित्राला कुणी हातही लावला नाही. चार दिवसांनी नवरोझ गेला. आरोपींवर मारहाणीचे गुन्हे सिद्ध झाले, खुनाचा नाही. इथल्या भारतीयांनी मग आवाज उठवला आणि १९९० साली न्यू जर्सीने द्वेषाच्या गुन्ह्यांची शिक्षा वाढवली. तीस-पस्तीस वर्षांनी माझ्या आईला तो प्रश्न विचारला गेला, त्याच्या मागे त्या लोकांची मेहनत आहे.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगितलं. २०२५ मध्ये मीरा रोडला मराठी बोलत नाही म्हणून एका दुकानदाराला थपडा मारल्या गेल्या, त्यावरून आमच्या घरच्या ग्रुपवर भांडण पेटलं होतं. मामा त्या मारहाणीच्या बाजूचे मुळीच नव्हते. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. "अगं, मारलं तर मारण्याची शिक्षा द्या ना. मनात काय होतं त्याची वेगळी शिक्षा कशाला? थप्पड ती थप्पड. माझ्या गालाला कमी लागते का?"

प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून झटकून टाकणार नाही. पण मामा, आपला कायदा मनात शिरत नाही असं कुठे आहे? खून आणि सदोष मनुष्यवध यांतला फरक बराचसा मनातच असतो. नवी नवरी सात वर्षांच्या आत जळून मेली, तर हुंड्यासाठी छळ झाला होता का, हे कायदा १९८६ पासून विचारतो. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा १९८९ चा. दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेचा गुन्हा दलित-आदिवासी व्यक्तीवर जातीमुळे केला, तर त्याने थेट जन्मठेप सांगितली. म्हणजे ही कल्पना मी अमेरिकेहून आणलेली नाही. ती आपल्याकडे अमेरिकेतल्या बऱ्याच कायद्यांच्या आधीपासून आहे.

आणि गालाचं म्हणाल, तर आमच्या चाळीखालचा जौनपूरचा इस्त्रीवाला आठवा. २००८ च्या ऑक्टोबरात रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मुंबईत मारहाण झाली. त्याला कुणी बोटही लावलं नव्हतं. तरी त्याने आठ दिवस टेबल मांडलं नाही. आमचे कपडे रात्री दहानंतर, जिन्यातला दिवा न लावता, दाराशी ठेवून गेला. ती थप्पड त्याच्याही गालावर बसली होती. तुमच्या-माझ्या भांडणातली थप्पड दोघांत संपते. ही संपत नाही, आणि म्हणून ती मोठी आहे. मराठीवर माझा जीव आहे, परदेशात राहून तो वाढलाच आहे. तिच्या नावाने कुणी दुबळ्यावर हात उचलला की मला तो माझ्या भाषेचा अपमान वाटतो.

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०३ मध्ये नवं पोटकलम आलं: पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा अशा कारणावरून खून केला, तर फाशी किंवा जन्मठेप. 'भाषा' हा शब्द वाचून मला फार बरं वाटलं. मग वरची ओळ वाचली. एरवीच्या खुनालाही फाशी किंवा जन्मठेपच. गंभीर दुखापतीचंही तसंच, दोन्हीकडे सात वर्षांपर्यंत. साध्या दुखापतीला एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, भाषेवरून मारलं तरी तेवढीच. तेढ पसरवण्याचं कलम आहे, पण तो वेगळा गुन्हा झाला. मारण्याची शिक्षा त्याने बदलत नाही.

माझ्या मते हे उलटं झालं आहे. फाशीच्या वर काय वाढवणार? शिक्षा वाढवायची ती थपडेची, दुकानाची काच फोडण्याची, दारावर काळं फासण्याची. एकट्याने केलं तरी. वस्तीला घाबरवण्याची सुरुवात तिथून होते आणि तिथेच आपला कायदा डोळे मिटतो.

मामांची एक भीती मला पूर्ण मान्य आहे: उद्या पोलीस कुणावरही द्वेषाचं कलम लावतील. इथेही हे झालं. १९९४ मध्ये न्यू जर्सीतल्या व्हाइनलंडला एकाने कृष्णवर्णीय कुटुंबाच्या घरावर गोळ्या झाडल्या. गुन्ह्याला कमाल दहा वर्षं होती. न्यायाधीशांनी द्वेषाचा हेतू स्वतःच ठरवून बारा दिली. २००० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, पाच विरुद्ध चार मतांनी, ते रद्द केलं. वाढीव शिक्षा हवी तर हेतूही ज्युरीपुढे, संशयाला जागा न ठेवता सिद्ध करा, असं बजावलं. हेतू सिद्ध करण्याची हीच अट मला मुंबईतही हवी. म्हणूनच पहिल्या दिवशी पोलिसाने शब्द लिहून घेणं महत्त्वाचं. तीन वर्षांनी साक्षीदाराला ते आठवत नाहीत.

कारण लिहिलं गेलं तरी त्याचा अर्थ काय लावतात, हेही पाहावं लागतं. २ जून २०१४ च्या रात्री पुण्यात हडपसरला मोहसीन शेख हा मुस्लिम तरुण मारला गेला. जानेवारी २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघा आरोपींना जामीन दिला. मृताचा दोष एवढाच की तो दुसऱ्या धर्माचा होता, ही बाब आदेशात आरोपींच्या बाजूने धरली होती, धर्माच्या नावाने ते चिथावले गेले म्हणून. सर्वोच्च न्यायालयाने वर्षभराने तो आदेश रद्द केला. २०२३ मध्ये सत्र न्यायालयात सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्यांच्या सुटकेबद्दल मी बोलत नाही, तो न्यायालयाचा निर्णय. पण धर्म वेगळा म्हणून माणूस मारला गेला, आणि ते कारण मारणाऱ्याचा भार हलका करणारं ठरू शकतं, हे वाचून मला त्या रात्री झोप लागली नाही.

"आणि शिक्षा तेवढीच झाली, तर कारण लिहून काय मोठा फरक पडतो?" मामांनी शेवटी विचारलं.

मी त्यांना खैरलांजीची आठवण दिली. २९ सप्टेंबर २००६, भोतमांगे या दलित कुटुंबातल्या चार माणसांचा खून. खालच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने सगळ्यांची शिक्षा पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. दोन्हीकडे अ‍ॅट्रॉसिटी लागली नाही, सूडातून झालेला गुन्हा म्हटलं गेलं. भैयालाल भोतमांगे त्यानंतरही दाद मागत राहिले. शिक्षा तर झालेली होती. जानेवारी २०१७ मध्ये ते गेले, तोवर आपली बायको, मुलगी आणि दोन मुलगे जातीमुळे मारले गेले, हे एकाही निकालपत्रात लिहिलेलं त्यांना वाचायला मिळालं नाही.