रोज पंधरा मिनिटं, मॅम!

आज जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या एका मुलीने फोन स्पीकरवर टाकला आणि माझी अर्धी भाकरी डब्यात तशीच राहिली. चिडून लिहितेय, आधीच सांगते. ज्यांना लांबलचक पोस्टी आवडत नाहीत त्यांनी पुढे जावं.

मुलगी सव्वीस-सत्तावीसची. बारावी झाली, लग्न झालं, पोरगं झालं. आमच्या पतसंस्थेत काउंटरला बसते, कामाला चोख. दिवसाअखेर तिचा कॅशचा हिशेब रुपयानेही चुकत नाही. पण वरच्या जागेसाठी पदवी पाहिजे. म्हणून तिने मोबाईलवरच्या कुठल्याशा जाहिरातीत नंबर टाकला. त्या दिवसापासून ‘काउन्सेलर’ म्हणवणाऱ्या एका मुलाचे रोज फोन.

आज तो म्हणत होता, “मॅम, फास्ट ट्रॅक आहे. पाच आठवड्यांत एक सब्जेक्ट क्लोज. वर्षात ग्रॅज्युएशन हातात. असाइनमेंट आमची टीम बघते, परीक्षा घरून.” हिने बिचारीने विचारलं, रोज वेळ किती द्यावा लागेल? “रोज पंधरा मिनिटं, मॅम! एसटीत बसल्या बसल्या होतं.” मग मी फोन ओढून घेतला. विद्यापीठ कुठलं, एवढंच विचारलं. तर म्हणे, “टाय-अप आहे मॅम, दोन-तीन ऑप्शन आहेत, नंतर अलॉट होतं.” म्हणजे फी आज, विद्यापीठ नंतर! वर पुन्हा, सीट आजच ब्लॉक करा, उद्यापासून फी वाढणार.

मी हिशेबाची बाई आहे, म्हणून कागद घेतला. आता नव्या पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे 30 तासांचं शिकणं. चार क्रेडिटचा विषय म्हणजे 120 तास. पाच आठवडे रोज पंधरा मिनिटं म्हणजे किती? पावणेनऊ तास! 120 तासांचा विषय पावणेनऊ तासांत. तीन वर्षांच्या पदवीची 120 क्रेडिट म्हणजे 3600 तास. ते एका वर्षात बसवायचे तर रोज जवळपास दहा तास अभ्यास, दिवाळी-गणपतीसकट. हे मी त्या मुलाला फोनवरच सांगितलं. तो म्हणाला, “मॅम, तुम्ही ओव्हरथिंक करताय.”

आमच्या वहिनींची आठवण झाली. माझ्या मित्रयादीतल्या जुन्या लोकांना त्या माहीत आहेत. बार्शीकडच्या, दहावीला गणितात अडकलेल्या, अंगणवाडीत मदतनीस. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने तेव्हा पूर्वतयारी परीक्षेचं दार उघडं ठेवलं होतं, त्या दारातून त्या बी.ए.ला गेल्या. रविवारी एसटीने अभ्यासकेंद्रावर जायच्या. संमंत्रणाला, म्हणजे केंद्रावरच्या शिकवणीला, कधी दहा जण, कधी त्या आणि सर दोघंच. भारनियमनाचे दिवस होते, गृहपाठ कंदिलाजवळ लिहिलेत. तीन वर्षांच्या पदवीला त्यांनी जवळपास दुप्पट वर्षं घेतली. अर्थशास्त्राचा एक पेपर तर असा काही मानगुटीवर बसला की दादा म्हणाला, सोड आता. सोडला नाही.

विद्यापीठाचं ब्रीद आहे ‘ज्ञानगंगा घरोघरी’. 1989 साली यशवंतराव चव्हाणांच्या नावाने ते सुरू झालं आणि मी साहेबांच्या कराडातच बसून हे लिहितेय, म्हणून जरा जास्तच झोंबलं असेल. गंगा घरोघरी पोचवणं वेगळं. इथे रिकामी बाटली घरोघरी पोचवून वर लेबल चिकटवणं चाललंय.

बरं, आता काही जण म्हणतील, तू जुन्या वळणाची. ऑनलाइन म्हणजे सगळं फसवणूक का? नाही. मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते, मला माहीत आहे. माझा भाचा अमेरिकेत नोकरी करून ऑनलाइन शिकतोय. तिकडे आठ आठवड्यांची टर्म सर्रास असते. पण तो एका वेळी दोनच विषय घेतो आणि त्या आठ आठवड्यांत शनिवार-रविवार फोन उचलत नाही. विषय तेवढाच, तास तेवढेच, फक्त दाबून बसवलेले. एका वेळी एकच विषय घ्यायचा आणि त्यालाच भिडायचं, ही कल्पना मला आवडते सुद्धा. पाच विषयांची खिचडी करण्यापेक्षा बरं.

पण मग हिशेब पुढे करा ना. पाच आठवड्यांत 120 तास म्हणजे आठवड्याला 24, म्हणजे रोज साडेतीन तासांच्या आसपास. आमची ही मुलगी पहाटे पाचला उठते. पाणी, डबे, पोराची शाळा, सासऱ्यांच्या गोळ्या, मग ऑफिस. संध्याकाळी पुन्हा तेच उलट्या क्रमाने. साडेतीन तास कुठून आणायचे तिने? मला राग येतोय तो याचाच. जलद कोर्स खरा ज्याच्याकडे भरपूर वेळ आहे त्याच्यासाठी असतो. ज्या पोराला घरात कुणी पाण्याचा तांब्या उचलायला लावत नाही, त्याने खुशाल सहा महिने आधी पदवी घ्यावी. आणि विकला कुणाला जातो? जिच्याकडे श्वास घ्यायला वेळ नाही तिला! “तुम्हाला वेळ नाही ना, मग हा घ्या.” अरे, वेळ नसलेल्या माणसाला लांब कोर्स लागतो. हळू चालणारा, मध्ये थांबू देणारा.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या दिल्लीच्या आयोगाने, नोव्हेंबर 2024 मध्ये लवकर पदवी घेण्याची सोय मंजूर केली तेव्हा केवढा गाजावाजा झाला. त्यातही अटी आहेत. पहिल्या-दुसऱ्या सत्रानंतर समिती तुमची कुवत बघणार, मंजूर जागांच्या दहा टक्क्यांनाच ती मुभा, आणि तीन वर्षांच्या पदवीत फार तर एक सत्र कमी होणार. एक सत्र! वर्षात पदवी कुठून आली? आणि त्याच निर्णयात दुसरी सोयही होती: पदवीला दोन सत्रांपर्यंत जास्त वेळ घेण्याची. दर सत्राला थोडे कमी क्रेडिट घ्या, सावकाश करा, नोकरीसाठी पदवी तीच धरली जाईल. याची एक तरी जाहिरात पाहिलीत? ‘सावकाश शिका’ असा फोन कुणाला आलाय का? येणार नाही. सावकाशीत कमिशन नाही.

विजेच्या खांबावर ‘सिंगल सिटिंग पदवी’चे, म्हणजे एका बैठकीत पदवीचे, कागद चिकटवणारे निदान उघड चोर होते. खांबावरच्या कागदावर विश्वास ठेवायला माणूस कचरायचा. आता कागदाच्या जागी चकचकीत अॅप आहे, बिनव्याजी हप्ते आहेत, गाऊन-टोपी घातलेल्या मुलीचा फोटो आहे. ‘दहा दिवसांत एमबीए’ असले प्रकार इतके बोकाळले की एप्रिल 2024 मध्ये यूजीसीला जाहीर इशारा द्यावा लागला, ही पदवी नाही म्हणून. इशारा वेबसाइटवर. आमच्या काउंटरवरची मुलगी तो कधी वाचणार?

तो फोनवरचा मुलगाही कोण असेल? बावीस-तेवीसचा असेल. त्यालाही दिवसाला इतके फोन, इतके ‘क्लोज’ असं टार्गेट असणार. आवाजात मागून दुसऱ्या पंचवीस जणांचे फोन ऐकू येत होते, सगळे तेच वाक्य म्हणत होते. तिकडून आईला पैसे पाठवत असेल. त्याच्यावर ओरडले खरी, पण ओरडायला हवं ते माणूस त्या फोनवर नव्हतं.

ओरडायचं तर आमच्या लोकांवर ओरडावं. वरच्या जागेचं काम ती मुलगी वर्षभर करतेच आहे. साहेब रजेवर गेले की कर्जाच्या फायली कोण लावतं? तीच. पण खुर्ची द्यायची वेळ आली की पदवीचा कागद काढा. कुठल्या विषयाची, कुठून, काय शिकलात, कुणी विचारत नाही. फाईलला लावायला एक झेरॉक्स पाहिजे. मग ती झेरॉक्सच विकत मिळणार, दुसरं काय होणार! हे लिहिल्याबद्दल उद्या ऑफिसात मला बोलावणं येईल. येऊ दे.

आणि कुणी तरी कॉमेंटमध्ये विचारणारच, तुमच्या वहिनींना त्या बी.ए.चा काय फायदा झाला? ऐका. अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या मुख्य सेविकेची जागा नाही मिळाली, निकाल हाती येईपर्यंत वय गेलं होतं. मागच्या मे महिन्यात बार्शीला गेले होते तेव्हा माळ्यावरून त्यांची पुस्तकं काढली. अर्थशास्त्राच्या पुस्तकात समासात पेन्सिलीने लिहिलंय. मागणीच्या लवचिकतेच्या, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते त्या, धड्यात मिठाचं उदाहरण आहे, त्याच्यापुढे: ‘मिठाचं पटतं. कांद्याचं आपल्याकडे उलटं होतं, सरांना विचारणे.’ मी विचारलं, विचारलंत का सरांना? म्हणाल्या, “विचारलं की वन्सं. त्या रविवारी सर आणि मी दोघंच होतो, दीड तास कांद्यावर बोललो. तुमचे दादा बाहेर ताटकळले.” आणि हसल्या. तो दीड तास पंधरा मिनिटांत कसा बसवणार, हे मला त्या अॅपवाल्यांनी सांगावं.

आमच्या मुलीने अजून पैसे भरलेले नाहीत, एवढं बरं. दुपारी तिने रडवेलं तोंड करून विचारलं, “मग मावशी, मी करू काय?” तिला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची साइट उघडून दाखवली. तिथे मान्य विद्यापीठाचं आणि कोर्सचं नाव दिसलं तरच पैसे, नाहीतर नाही. प्रवेश थेट विद्यापीठाच्या साइटवरून घ्यायचा. फ्रँचायझीवाल्यांना पदवी चालवायची परवानगीच नाही, हेही सांगितलं.

आता तुमच्याकडून मदत हवी. तिला हिशेबाची भीती नाही, इंग्रजीची आहे. मराठी माध्यमातून दूरशिक्षणाने बी.कॉम. केलेलं ओळखीत कुणी असेल तर कळवा, तिला बोलायचंय. नोकरी आणि लेकरू सांभाळून केलेली बाई असेल तर फारच बरं. जुनी पुस्तकं कुणाकडे पडून असतील तर तीही सांगा, कराड-मलकापूर भागात असाल तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन. आणि त्या मुलाचा पुन्हा फोन आला तर तिने तो माझ्याकडे द्यायचा, असं आमचं ठरलंय.